चऱ्हाट कुठे थांबवावे?



हसवणारे पुस्तक म्हणजे हलके पुस्तक, ते वाचले काय आणि न वाचले काय, असा एक समज आपल्या शिकलेल्या घरांतही आढळतो. मुलगा गणिताची वही बाजूला सारून विनोदी पुस्तक घेऊन बसला की बापाचे डोळे मोठे होतात. माझे मत वेगळे आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर निर्मळ हसायला मिळणे ही चैन नव्हे, गरज आहे. आणि गरजेची वस्तू म्हटली की ती पारखून घ्यावी लागते. जे पुस्तक हसवण्याचे कबूल करते आणि पुढे पुढे कंटाळा आणते, त्याला जाब विचारण्याचा वाचकाला हक्क आहे.

निमित्त हुपरीच्याच एका भगिनीच्या प्रश्नाचे आहे. आपली हुपरी चांदीचे गाव. चांदी आटवायची, तार ओढायची, कड्या जोडायच्या, झाळ द्यायची, घुंगरू लावायचे आणि मग कुठे पैंजणाची जोडी तयार होते. यातले पुष्कळसे काम घरोघरी बायकांच्या हातांनी होते. या कामाचा एक गुण असा की हात आणि डोळे गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. त्या भगिनींच्या गल्लीत चार-पाच जणी दुपारी एकत्र बसतात, शाळेत शिकणारी एखादी मुलगी मोठ्याने पुस्तक वाचते आणि बाकीच्या ऐकत ऐकत कड्या जोडतात. वाचनालयातून त्यांनी चि. वि. जोशींचे 'चिमणरावांचे चऱ्हाट' आणले. पहिल्या आठवड्यात हसून हसून हातातल्या कड्या सांडायची पाळी आली. दुसरे पुस्तक आणले, तेही बरे गेले. पुढची आणली तेव्हा हसू हळूहळू कमी झाले आणि शेवटी वाचणारी मुलगीच जांभया देऊ लागली. बाईंनी मला विचारले, "भाऊ, माणसं तीच, नावं तीच, लिहिणारा तोच. मग पुस्तक बिघडलं की आम्ही बिघडलो?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर सरळ नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे मूळचे पुण्याचे. 'एरंडाचे गुऱ्हाळ' हे त्यांचे पुस्तक १९३२ साली आले आणि १९३३ साली 'चिमणरावांचे चऱ्हाट'. चिमणराव जोग नावाचा एक हडकुळा, भित्रा, पण बोलण्यात शूर असा पुण्याचा कारकून स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. त्याचा नात्यातला भाऊ गुंड्याभाऊ. तो अंगापिंडाने दांडगा, आवाजाने त्याहून दांडगा आणि मनाने भाबडा. बायको काऊ, मुले मोरू, मैना आणि राघू. एवढ्या गोतावळ्यावर जोशींनी नोकरी, लग्न, पाहुणे, प्रवास, उधारी अशा रोजच्या गोष्टींतून हसू काढले. त्यात कोणाला घसरून पाडलेले नाही की कोणाच्या तोंडी वाह्यात बोलणे घातलेले नाही. माणूस स्वतःला जेवढा समजतो तेवढा तो नसतो, एवढ्याच एका गोष्टीवर सगळे हसू उभे आहे.

आता आपल्या वाचकांना ठाऊक असावी अशी एक गोष्ट सांगतो. हे जोशी पाली भाषेचे गाढे अभ्यासक होते. फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबी पाली शिकवत, त्यांच्या शिष्यांपैकी ते एक. इंग्रजीतून पाली शिकणाऱ्यांसाठी त्यांनी १९१६ साली पुस्तक केले. पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात पाली आणि मराठी शिकवले, नंतर बडोदे संस्थानच्या दफ्तराचे काम पाहिले. जातकांतल्या निवडक गोष्टी मराठीत आणल्या आणि भगवान बुद्धांचे चरित्रही लिहिले. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी त्यांनी 'सद्धम्मप्पकासिनी' या अट्ठकथेचे तीन खंड संपादित केले. त्यातला पहिला खंड १९३३ साली निघाला, म्हणजे ज्या वर्षी 'चिमणरावांचे चऱ्हाट' निघाले त्याच वर्षी. तिसरा खंड १९४७ सालचा आणि त्यांचे 'गुंड्याभाऊ' हे पुस्तकही १९४७ सालचेच. चौदा वर्षे एकाच माणसाच्या टेबलावर एका बाजूला पाली अट्ठकथा आणि दुसऱ्या बाजूला चिमणरावांची फजिती! अट्ठकथेचे काम मूळ ग्रंथ संपला तिथे संपले. चिमणरावांना मात्र असा शेवट कोणी आखून दिलेला नव्हता.

बडोद्याचे नाव निघाले की आपल्या मनात दुसरीच आठवण जागी होते. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्या शहरात त्यांना डोके टेकायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. ही हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत जोशी त्याच बडोद्यात शिकवू लागले. चिमणरावांची फजिती वाचताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही. चिमणरावांची अडचण कितीही मोठी झाली तरी त्यांच्या डोक्यावरचे छप्पर जात नाही. ते ज्या अडचणींवर हसवतात त्या एका स्थिर घरातल्या अडचणी आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांना त्या काळी तेवढी स्थिरता मिळालेली नव्हती.

मग हे पुस्तक आपले नव्हे, असे म्हणून ठेवून द्यावे काय? तसे मला वाटत नाही. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपली पोरे शिकली, कचेरीत गेली, बँकेत गेली, रेल्वेत आणि एस.टी.त लागली. आज आपल्याही घरात साहेबाला भिणारा आणि घरी येऊन शौर्य सांगणारा माणूस आहे. बदलीची चिंता आहे, मुलीच्या लग्नाची खटपट आहे, उरावर बसलेले पाहुणे आहेत. १९३३ साली जो चिमणराव आपल्याला परका वाटला असता, तो आज हुपरीच्या बौद्ध वस्तीत सायकल नाहीतर स्कूटर घेऊन राहतो. म्हणूनच त्या भगिनींच्या गल्लीत हसू फुटले. चांगला विनोद दुसऱ्याच्या घरात जाऊन बसतो, तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुढच्या पुस्तकांत काय झाले?

आपण कोल्हापूर जिल्ह्यातले लोक, गुऱ्हाळ आपल्याला शिकवायला नको. ऊस पहिल्यांदा चरकातून गेला की रसाची धार लागते. तेच चिपाड पुन्हा घातले तर थोडा रस निघतो. तिसऱ्यांदा घातले तर चरक कुरकुरतो आणि हाती काही लागत नाही. जोशींनी आपल्या पुस्तकांना नावेच अशी दिली की जणू वाचकाला आधीच सावध करून ठेवले: एरंडाचे गुऱ्हाळ, चऱ्हाट, वायफळाचा मळा, रहाटगाडगे. या नावांत त्यांनी स्वतःचीच थट्टा केली आहे. गंमत अशी की सुरुवातीच्या पुस्तकांना ही नावे शोभत नाहीत, कारण ती मुळीच पाल्हाळिक नाहीत. मागाहून 'आणखी चिमणराव' आणि 'चौथे चिमणराव' अशी पुस्तके आली. पुस्तकाच्या नावात 'आणखी' आणि 'चौथे' हे शब्द आले की वाचकाने कान टवकारावेत.

बिघाडाची पहिली खूण अशी, की माणसाची सवय उरते आणि माणूस नाहीसा होतो. सुरुवातीला गुंड्याभाऊ ओरडतो तेव्हा आपल्याला कळते की तो आतून भाबडा आहे, त्याला चिमणरावाची काळजी आहे. त्या काळजीमुळे ओरडण्याला हसू येते. पुढे त्याचे ओरडणे हेच त्याचे ओळखपत्र होते. तो आला की ओरडणार, हे वाचकाला दोन पाने आधीच ठाऊक असते. नाटकात एखाद्या नटाच्या एका वाक्याला टाळी पडली की तो ते वाक्य प्रत्येक प्रयोगात दोनदा म्हणू लागतो, तसाच हा प्रकार.

दुसरी खूण काळाची. चिमणराव जन्मले तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि पंधरा-वीस रुपयांची वाढ म्हणजे मोठी घटना होती. महायुद्ध झाले, रेशनिंग आले, स्वातंत्र्य आले, घटना आली. कारकुनाच्या घरातली बाई नोकरीला जाऊ लागली. एवढे सगळे बदलत असताना विनोदी मालिकेतले घर मात्र त्याच जागी राहिले तर वाचक त्या घरात फार काळ थांबत नाही. ज्या गोष्टीवर काल हसू येत होते त्या गोष्टीची आज फक्त आठवण येते.

तिसरे कारण लेखकाच्या हातातले नाही. पहिल्या पुस्तकामागे लेखकाच्या आयुष्याची तीस-चाळीस वर्षे असतात. पाहिलेली, ऐकलेली, मनात साठलेली माणसे एकदम बाहेर पडतात. दुसऱ्या पुस्तकामागे दोन-तीन वर्षे असतात आणि पाचव्यामागे संपादकाचे पत्र असते. मराठीत १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दर वर्षी शेकडो पाने भरण्याची गरज निर्माण झाली. नाव झालेल्या विनोदी लेखकाला दिवाळीच्या आधी चार संपादक लिहितात: "आपल्या त्या प्रसिद्ध जोडीवर एक लेख पाठवावा." नवे माणूस आणा असे कोणी लिहीत नाही. ओळखीच्या नावावर अंक खपतो, हा हिशेब आहे.

आणि चौथे कारण आपण स्वतः, म्हणजे वाचक. आपल्यालाच पुन्हा तेच हवे असते. एखादी गोष्ट आवडली की लहान मूल म्हणते, "तीच सांग." मोठी माणसेही तसेच म्हणतात. लेखकाने नवे काही दिले तर कुरकुरतात आणि जुनेच दिले तर कंटाळतात. तेव्हा पुस्तक बिघडले की आम्ही, या प्रश्नाचे उत्तर असे की बिघाड पुस्तकात आहे, पण त्याला थोडा हात आपलाही लागला आहे.

हे एकट्या जोशींचे झाले असे समजू नका. त्यांच्या आधी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या त्रिकुटावर लेखमाला लिहिली. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तार'मध्ये तिची सुरुवात झाली. श्रावणी, शिमगा अशा प्रकारांवर त्यांनी बोचरी टीका केली. स्वतः त्या समाजात जन्मून त्या समाजाच्या खुळचट रूढींवर हसण्याचे धैर्य त्या काळी थोडे नव्हते. १९१० साली अठरा लेखांचे पुस्तक निघाले आणि १९२३ साली ते बत्तीस लेखांचे 'सुदाम्याचे पोहे' झाले. मला विचाराल तर पहिल्या लेखांत जी आग आहे ती पुढे शब्दांच्या कसरतीत विझत गेली. रूढीवर हसायचे सोडून लेखक कोटीवर हसू लागला की समजावे, गाडी उताराला लागली.

परदेशातही हेच. इंग्रज लेखक जेरोम के. जेरोम याचे 'थ्री मेन इन अ बोट' हे तीन मित्रांच्या नौकासफरीचे पुस्तक १८८९ साली आले आणि आजही लोक ते वाचून हसतात. १९०० साली त्याने त्याच तिघांना सायकलवर बसवून जर्मनीत पाठवले. ते पुस्तक आज किती जणांना आठवते? चार्ल्स डिकन्सचे 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये महिन्याच्या भागांनी निघत होते. सुरुवातीचे भाग जेमतेम चारशे खपले, शेवटी चाळीस हजारांपर्यंत मजल गेली. पुढे १८४० साली त्याच्या साप्ताहिकाचा खप घसरला तेव्हा त्याने श्रीयुत पिकविकांना पुन्हा बोलावून आणले, पण ती जादू काही परत आली नाही. जपानात तर शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी खिशात मावणाऱ्या, चित्रांच्या हलक्या कादंबऱ्यांचा धंदाच उभा आहे. पहिला भाग खपला की दहा-दहा, वीस-वीस भाग काढतात. तिथल्या वाचकांचीही तक्रार हीच, की सुरुवात झकास आणि पुढे शिळ्या कढीला ऊत.

मात्र नियमाला अपवाद आहे आणि तो फार मोठा आहे. स्पेनच्या सर्व्हान्टिसने 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ साली लिहिला. तोही एक हडकुळा शूर आणि एक जाडा सोबती अशाच जोडीचा. पुस्तक गाजले. १६१४ साली दुसऱ्याच कोणी त्या जोडीवर नकली दुसरा भाग काढला. तेव्हा १६१५ साली सर्व्हान्टिसने स्वतःचा दुसरा भाग आणला आणि अनेक जाणकारांना तो पहिल्याहून सरस वाटतो. याचे कारण त्याने तीच फजिती पुन्हा सांगितली नाही. दुसऱ्या भागातल्या लोकांनी पहिला भाग वाचलेला आहे आणि ते त्या वेड्या शूराला ओळखतात! सोबती शहाणा होत जातो, शूर माणूस थकत जातो आणि शेवटी भानावर येऊन मरतो. लेखकाने आपल्या माणसाला म्हातारे होऊ दिले आणि मरू दिले. पुढे कोणी नकली तिसरा भाग काढू नये याचीही सोय झाली.

आणखी एक अपवाद तर आपल्या घरातलाच आहे आणि तो खुद्द जोशींच्या अभ्यासाचा विषय होता. जातककथा म्हणजे ५४७ गोष्टींची मालिका आणि नायक एकच, बोधिसत्त्व. इतक्या गोष्टी एका नायकावर, तरी ती शिळी का होत नाही? कारण दर गोष्टीत त्याचा जन्म नवा असतो. कधी हरिण, कधी वानर, कधी व्यापारी, कधी राजा. गोष्ट संपते तेव्हा तेव्हाचा तो कोण आणि आजचा कोण, हे सांगणारे समोधान येते आणि पान मिटते. जातकांत विनोदही भरपूर आहे. आरामदूसक जातकातली वानरे माळ्याच्या सांगण्यावरून बागेला पाणी घालतात. कोणत्या रोपाला किती पाणी घालावे हे कळावे म्हणून प्रत्येक रोप उपटून मुळे किती लांब आहेत ते पाहतात! मकस जातकातला मुलगा बापाच्या टकलावरचा डास मारायला कुऱ्हाड उचलतो. कच्छप जातकातल्या बडबड्या कासवाला तोंड मिटून राहता येत नाही आणि तो आकाशातून खाली पडतो. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांचे पूर्वज तिथे जागोजाग भेटतात. माझी अशी समजूत आहे की जोशींना हसण्यातून शहाणपण सांगायची खोड या कथांच्या सहवासातून लागली असावी. मात्र चिमणरावांना त्यांनी पुस्तकामागून पुस्तक एकाच जन्मात अडकवून ठेवले. तेच जोशी 'ओसाडवाडीचे देव' (१९४६) मध्ये चिमणरावांना घरी ठेवून बाहेर पडले, तेव्हा त्यांची लेखणी पुन्हा ताजी झालेली दिसते.

आपल्या पंचक्रोशीतलेच उदाहरण द्यायचे तर शंकर पाटील (१९२६–१९९४) यांचे द्यावे लागेल. हुपरीपासून जवळच असलेले पट्टणकोडोली हे त्यांचे गाव. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्याबरोबर गावोगाव कथाकथन करून त्यांनी महाराष्ट्राला हसवले. 'धिंड'सारखी त्यांची कथा ऐकून मंडप हसतो, पण ती संपते तिथे खरोखर संपते. मिरासदारांनी भोकरवाडी नावाचे गाव वसवले आणि नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर या मंडळींना पुन्हा पुन्हा आणले. त्यातल्या सुरुवातीच्या गोष्टी आणि मागाहूनच्या गोष्टी एकामागून एक वाचून पाहा. फरक तुम्हालाच दिसेल, मी सांगायला नको.

चिमणरावांना दुसरा जन्म मिळाला तो पडद्यावर. आपल्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी १९४० साली 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला. त्यात दामूअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांची जोडी लोकांनी डोक्यावर घेतली. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ केला. ती मालिका पाहिलेली माणसे आजही आठवण काढतात. ती यशस्वी का झाली? उत्तम नट होते, हे खरे. पण त्यांना पुस्तकांच्या ढिगातून निवड करता आली, हेही तितकेच खरे. शिवाय ती रोजची मालिका नव्हती. आज रोज रात्री चालणाऱ्या मालिका पाहा. विनोदी म्हणून सुरू होतात, महिनाभर घर हसते आणि मग सासूचे कारस्थान, हरवलेला जुळा भाऊ, विसरलेली स्मृती अशी वळणे लागतात. तिथे गोष्ट संपली म्हणून मालिका संपत नाही, जाहिरात मिळेनाशी झाली म्हणून संपते.

यावर आपल्या परंपरेत एक उत्तर होते, ते म्हणजे तमाशातला सोंगाड्या. त्याचे सोंग तेच, पण गाव बदलले की विनोद बदले. समोर बसलेला पाटील पाहून, गावातली ताजी भानगड ऐकून तो जागेवर बोलणे रचत असे. लोक हसले नाहीत तर त्याला त्याच क्षणी कळे. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा हीच कला प्रबोधनाला जुंपली आणि लोक हसता हसता अंगात येणाऱ्या देवीवर आणि भगताच्या उदीवर विचार करू लागले. लेखकापुढे मात्र कोरा कागद असतो. तो हसत नाही आणि जांभईही देत नाही. म्हणून लेखकाने मधूनमधून आपले लेखन चारचौघांत वाचून पाहावे. हुपरीच्या गल्लीत कड्या जोडणाऱ्या बायका त्यासाठी कोणत्याही समीक्षकाहून चांगल्या. त्यांना कोणाची भीड नाही.

आता घरच्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, कोणत्याही मालिकेचा पूर्ण संच एकदम विकत घेऊ नये. प्रदर्शनात 'संच घेतल्यास सवलत' असे लिहिलेले असते, पण न वाचलेली पाच पुस्तके स्वस्तात मिळाली तरी महागच. पहिले पुस्तक वाचनालयातून आणावे. ते घरातल्या दोघांना तरी आवडले तर विकत घ्यावे, पुढचे मग पाहावे.

दुसरी, कंटाळा आला तर पुस्तक खाली ठेवायला लाजू नये. सुरू केले म्हणून संपवलेच पाहिजे, हा नियम औषधाच्या गोळ्यांना आहे, विनोदी पुस्तकांना नाही. मुलांनाही तशी मोकळीक द्यावी. ज्या मुलाला एक रटाळ पुस्तक सोडायला परवानगी मिळते, ते दुसरे पुस्तक उघडते. ज्याच्यावर सक्ती होते, ते पुस्तकच सोडते.

तिसरी, एका लेखकाचे शेवटचे पुस्तक पडले म्हणून त्याचे पहिले पुस्तक वाईट ठरत नाही. 'चिमणरावांचे चऱ्हाट' घरात असावे. जोशींची जातककथांची पुस्तकेही शोधावीत. या विद्वानाने पालीची केलेली सेवा आपल्याच समाजात फारशी कोणाला ठाऊक नाही, ही गोष्ट मला खटकते. विहारातल्या कपाटात त्यांचे एखादे पुस्तक असायला हरकत नाही.

चौथी गोष्ट लिहू पाहणाऱ्या आपल्या तरुण भावा-बहिणींसाठी. आपल्या साहित्यात दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) आत्मकथनांची मोठी परंपरा उभी राहिली आणि तिने महाराष्ट्राला हलवले. त्या आत्मकथनांतही जागोजाग हसू आहे. पण आपल्या घरातल्या आजच्या चिमणरावावर, साहेबापुढे गप्प बसून जयंतीच्या सभेत गर्जना करणाऱ्या कार्यकर्त्यावर, नव्या कॉलनीत नाव बदलून राहणाऱ्या पाहुण्यावर, गटातटांत सापडलेल्या मंडळाच्या खजिनदारावर निखळ विनोदी पुस्तक कोणी लिहिणार आहे की नाही? स्वतःवर हसता येणे हे समाज पायावर उभा राहिल्याचे लक्षण आहे. ज्याला उद्याच्या भाकरीची आणि छपराची धास्ती असते त्याला स्वतःवर हसणे परवडत नाही. आपल्यापैकी अनेकांना आता ते परवडू लागले आहे.

लिहा. पहिले पुस्तक मनापासून लिहा. लोक हसले आणि प्रकाशकाने 'आणखी' मागितले, तर चार दिवस थांबून विचार करा की सांगण्यासारखे खरोखर काही शिल्लक आहे काय. असेल तर जरूर लिहा. नसेल तर त्या माणसाला पुस्तकातच सुखाने राहू द्या आणि दुसरा माणूस शोधा. आपल्या वस्तीत माणसांचा तुटवडा नाही.